परदेशी पाहुणे शिबिराला येतात तेव्हा

परदेशातल्या एखाद्या चर्चचं पत्र येतं. ‘आमच्या मंडळीतले दहा-बारा तरुण दोन आठवड्यांसाठी भारतात यायचं म्हणतात. ते तुमच्या विद्यार्थ्यांबरोबर वसतिगृहात राहतील, पडेल ते काम करतील, तेवढी सोय करा.’ नांदेड जिल्ह्यातल्या नायगाव, नरसी, बिलोली, देगलूर या पट्ट्यातल्या एखाद्या पाळकसाहेबांना, वसतिगृहाच्या अधीक्षकांना किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) कार्यक्रमाधिकाऱ्यांना असं पत्र आलं, तर पहिला दिवस आनंदात जातो आणि दुसऱ्या दिवसापासून पळापळ सुरू होते. भिंतींना रंग द्यायचा, पलंग आणायचे, बॅनर छापायचं, उद्घाटनाला कुणाला बोलवायचं. माझी विनंती अशी की यातलं काहीही करण्याआधी आपल्याच पोरापोरींना एका खोलीत बसवा आणि विचारा: ही मंडळी आली तर त्यांच्यासोबत काय करायला तुम्हांला आवडेल आणि काय अजिबात नको?

ही बैठक झाली नाही तर पुढचं सगळं बिघडतं. पाहुणे येतात, आपले विद्यार्थी त्यांच्या सामानाची ने-आण करतात, ताटं वाढतात, फोटोत मागच्या रांगेत उभे राहतात. दोन आठवडे एका छताखाली राहून कुणाची कुणाशी ओळख होत नाही. आपला विद्यार्थी त्या शिबिराचा यजमान असेल, तरच त्याला पाहुण्याच्या बरोबरीनं बसता येतं. म्हणून या लेखातली प्रत्येक सूचना एकाच गोष्टीसाठी आहे: कामाचा, जागेचा, वेळेचा निर्णय आपल्या विद्यार्थ्यांच्या हातात कसा राहील.

या प्रकारच्या सेवासहलींवरची सर्वांत जळजळीत टीका चर्चच्या आतूनच आलेली आहे. १९६८ च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतल्या कुएर्नावाका इथे अमेरिकेतले विद्यार्थी स्वयंसेवक जमले होते. त्यांच्यासमोर कॅथलिक धर्मगुरू इव्हान इलिच यांनी भाषण केलं. इथे पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला म्हणून येऊ नका, असा त्याचा आशय होता. ज्यांच्याशी बोलता येत नाही, ज्यांचं जगणं ठाऊक नाही, त्यांच्यावर आपला चांगुलपणा लादणं हा अपमान आहे, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचा राग रास्त वाटतो, निष्कर्ष मात्र अर्धाच पटतो. कारण यजमानांनी गोष्टी हातात घेतल्या तर काय होतं, याची उदाहरणं आपल्या महाराष्ट्रातच आहेत.

मराठवाड्याच्या वेशीवरचं जामखेड पाहा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानं १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. गावोगावच्या बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर आणि दलित समाजातल्या, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवलं. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि देशोदेशींचे डॉक्टर, विद्यार्थी, चर्चचे कार्यकर्ते जामखेडला येऊन राहू लागले. पण तिथे गुरू कोण? गावातली आरोग्यसेविका. बाळंतपण सुखरूप कसं करायचं, घराघरांत भांडण न होता पाण्याचा प्रश्न कसा मांडायचा, हे परदेशी पदवीधर जमिनीवर बसून तिच्याकडून शिकतो. पाहुणा शिकायला आलेला आहे, हे तिथे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं.

दुसरं उदाहरण आनंदवनाचं, पण त्याची सुरुवात फार दूर झाली. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, पिएर सेरेसोल या स्विस शांतिवाद्यानं फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या एस्न या उद्ध्वस्त गावात एक श्रमशिबिर भरवलं. कालपर्यंत शत्रू असलेले जर्मन तरुणही त्यात फ्रेंच शेतकऱ्यांची घरं उभी करायला आले होते. त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना वाढली. १९३४ च्या भूकंपानंतर सेरेसोल बिहारमध्ये आले, आणि पन्नासच्या दशकात याच संघटनेचे स्वयंसेवक बाबा आमट्यांच्या आनंदवनात राहिले, बांधकामाला लागले. ज्या कुष्ठरुग्णांच्या हातची भाजीसुद्धा लोक घेत नव्हते, त्यांच्याबरोबर देशोदेशींची माणसं राबताहेत, जेवताहेत, हे आसपासच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. त्या सोबत राहण्याचं मोल बांधलेल्या भिंतींपेक्षा मोठं होतं.

आता आपल्या पत्राकडे वळू. उत्तर लगेच ‘या’ असं पाठवू नका. आधी काही प्रश्न पाठवा आणि लेखी उत्तरं मागा. येणारे कोण आहेत, वय काय, शिकतात काय? सोबत जबाबदार प्रौढ कोण? प्रत्येकाचा प्रवास आणि आजारपणाचा विमा आहे का? त्यांच्या देशातल्या पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मिळेल का? या सहलीसाठी त्यांनी चर्चमध्ये वर्गणी गोळा केली असेल, तर ती मागताना आपल्या गावाबद्दल काय लिहिलं, ते पत्रक पाठवा म्हणावं. हे शेवटचं मागणं त्यांना थोडं चमत्कारिक वाटेल, पण ते नक्की करा. आपल्या मुलांची ‘गरीब बिचारी’ अशी ओळख तिकडे आधीच करून दिलेली असेल, तर ती इथे येण्यापूर्वी दुरुस्त झाली पाहिजे. आणि याच पत्रात एक ओळ घाला: तुमची तुकडी आमच्याकडे राहून गेल्यावर आमच्या दोघा-चौघांना तुमच्याकडे राहायला बोलावण्याची तुमची तयारी आहे का? उत्तर नकारार्थी आलं तरी हरकत नाही. प्रश्न विचारल्यानं पुढच्या पत्रांचा सूर बदलतो.

तारखा ठरवताना फार गल्लत होते. अमेरिका-युरोपातल्या विद्यार्थ्यांची मोठी सुट्टी जून ते ऑगस्ट. आपल्याकडे तेव्हा पेरणी, पाऊस आणि नवं शैक्षणिक वर्ष. घरोघरची पोरं सोयाबीन-कापसाच्या रानात अडकलेली असतात. मे महिन्यात नांदेडचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा थंड देशातल्या माणसाला खड्डा खणायला लावणं धोक्याचं आहे. नाताळनंतरचे दोन-तीन आठवडे सर्वांत बरे. पाश्चात्त्य देशांत तेव्हा थोडी सुट्टी असते, कोरियातल्या विद्यापीठांना लांब हिवाळी सुट्टी असते, आणि आपल्याकडे रासेयोच्या हिवाळी शिबिरांचा हंगाम असतो. फक्त नाताळाच्या आठवड्यात पाहुणे घेऊ नका. पाळकसाहेबांना तेव्हा श्वास घ्यायला वेळ नसतो. एकतीस डिसेंबरची रात्रीची उपासना पाहुण्यांना मंडळीसोबत करायची असेल तर एकोणतीस-तीसला पोहोचू द्या. लोह्याजवळच्या माळेगावची खंडोबाची यात्राही याच सुमारास भरते, तिच्या तारखा पाहून घ्या. गाड्या आणि पोलीस बंदोबस्त तिकडे वळलेले असतात.

रासेयोचं नाव आलं म्हणून सांगतो. वेगळं शिबिर उभं करण्यापेक्षा पाहुण्यांना आपल्या चालत्या शिबिरात सामावून घेणं केव्हाही चांगलं. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला ही योजना सुरू झाली, आणि दत्तक गावातलं सात दिवसांचं निवासी शिबिर हा तिचा कणा आहे. पहाटेची प्रभातफेरी, सकाळचं श्रमदान, दुपारचं बौद्धिक सत्र, संध्याकाळचा सांस्कृतिक कार्यक्रम ही घडी आपल्या मुलांच्या अंगवळणी पडलेली असते. पाहुणा त्या घडीत आला की तो आपोआप नवखा ठरतो आणि आपला विद्यार्थी जाणता. महाविद्यालय असेल तर प्राचार्यांमार्फत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या रासेयो कक्षाला आधी कळवा आणि लेखी परवानगी घ्या.

कागदपत्रांचा भाग रुक्ष आहे, पण एक चूक झाली तर पाहुण्यांपेक्षा तुमचीच संस्था अडचणीत येते, म्हणून सावकाश वाचा. पर्यटक ई-व्हिसावर अल्पकाळाचं, जास्तीत जास्त एक महिन्याचं, कुठलाही मोबदला न घेता केलेलं स्वयंसेवी काम चालतं. धर्मप्रचार चालत नाही. त्यासाठी मिशनरी व्हिसा हा स्वतंत्र प्रकार आहे. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी सरकारच्या ई-व्हिसा संकेतस्थळावरचा मजकूर पाहुण्यांनी स्वतः वाचावा आणि भेटीचा हेतू अर्जात खरा लिहावा. ‘नुसतं फिरायला’ असं लिहून शिबिरात कुदळ हातात घेतलेले फोटो समाजमाध्यमांवर टाकणं म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा तयार करणं.

परदेशी माणूस तुमच्याकडे मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन भरावी लागते. हॉटेल, वसतिगृह, धर्मशाळा, चर्चचं अतिथिगृह, कुणाचं घर, कशालाच यातून सूट नाही. त्यासाठी संस्थेची त्या संकेतस्थळावर आधी नोंदणी करावी लागते आणि ती मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून महिनाभर आधी सुरुवात करा. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंदणी पाहणारे अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षक. त्यांच्या कार्यालयात आणि नायगावच्या पोलीस ठाण्यात पाहुण्यांची यादी, मुक्कामाची जागा, शिबिराचा दिनक्रम हे सगळं एका पानावर लिहून द्या आणि पोच घ्या. हेच पान सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना द्या. गावात चार अफवा उठण्याआधी गावाला खरी गोष्ट ठाऊक असलेली बरी.

पाहुण्यांमध्ये वैद्यकीय विद्यार्थी किंवा डॉक्टर असतील तर ‘मोफत तपासणी शिबिर घेऊ’ असा प्रस्ताव येतोच. नम्रपणे नाही म्हणा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची तात्पुरती नोंदणी घेतल्याशिवाय परदेशी डॉक्टरला आपल्याकडे रुग्ण तपासता येत नाही, आणि विद्यार्थ्याला तर मुळीच नाही. सोबत आणलेली औषधं वाटणंही नको.

पैशांबद्दल तर काटेकोर राहा. परकीय योगदान विनियमन कायदा, २०१० नुसार नोंदणी नसलेल्या संस्थेला परदेशी माणसाकडून देणगी घेता येत नाही. ती रुपयांत दिली, उपासनेच्या वेळी दानपात्रात टाकली, संगणकांच्या रूपात आणली, तरी ती परकीय देणगीच. नोंदणी असलेल्या संस्थांनाही असा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावा लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेला वळता करता येत नाही. तेव्हा ‘अमुक संस्थेच्या नावावर घेऊ, मग तुम्हांला देऊ’ असं कुणी सुचवलं तर त्या वाटेला जाऊ नका. सरळ मार्ग असा की पाहुण्यांनी आपला खर्च आपण करावा: गाडीवाल्याला भाडं, किराणा दुकानदाराला बिल, मेसच्या मावशींना ठरलेला मोबदला, सगळं पावती घेऊन थेट. शंका असेल तर आपल्या सनदी लेखापालांना आधी विचारा, नंतर नाही.

आता काम कोणतं द्यायचं. इथे सर्वांत जास्त विचार लागतो आणि इथेच सर्वांत कमी केला जातो. शाळेची भिंत रंगवणं हे ठरलेलं काम. पण नायगावच्या बाजारपेठेत रंगारी आहेत, गवंडी आहेत, त्यांना त्या कामाची मजुरी हवी आहे, आणि ते काम त्यांना पाहुण्यांपेक्षा दसपट चांगलं येतं. कुणाचा रोजगार जाणार असेल ते काम शिबिरात घेऊ नये. दोन आठवड्यांत अर्धवट राहील आणि नंतर कुणीच बघणार नाही, असंही घेऊ नये. आणि गावानं मागितलेलं नाही, ते तर मुळीच नको.

गावाला न विचारता चांगलं काम केलं तर काय होतं, हे लातूरकरांना सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. देशभरातून, परदेशातून मदत आली, चर्चच्या संस्थाही धावून आल्या, आणि त्या दिवसांत कष्ट उपसणाऱ्या माणसांचं ऋण मोठं आहे. पण पुनर्वसनात कित्येक गावं सरळ रेषांच्या रुंद रस्त्यांवर, एकमेकांपासून सुट्या घरांत बसवली गेली. जुनी आळी, ओसरी, वाड्यातला शेजार, बायकांची दुपारची बसायची जागा यांना त्या आराखड्यात थारा नव्हता. भक्कम घरं मिळाली तरी लोकांना तिथे रुळायला वर्षं लागली. आपल्या छोट्या शिबिरातही हेच लहान प्रमाणात घडू शकतं.

मग काय करावं? शोषखड्डे हे काम मला अतिशय योग्य वाटतं. हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी हे गाव शोषखड्ड्यांच्या जोरावर गटारमुक्त, डासमुक्त म्हणून राज्यभर गाजलं आणि ती पद्धत ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मध्ये वरच्या बाजूला भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोट्यांचा भर, आणि घरातलं सांडपाणी त्यात सोडायचं. कौशल्य फार लागत नाही, घाम लागतो. घरमालक स्वतः खणायला उभा राहतो, त्यामुळे कोण कुणाला मदत करतंय हा प्रश्नच उरत नाही. कुदळ कशी धरायची हे आपल्या शेतकऱ्याच्या पोरानं पाहुण्याला शिकवायचं. आणि काम त्याच दिवशी वापरात येतं. जागा निवडताना विहीर आणि बोअर लांब आहे ना, हे जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. आपल्या काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरतं, म्हणून कुठे खणायचं आणि किती खोल, हे गावातला अनुभवी माणूसच सांगेल.

दुसरं काम ऐकण्याचं. आपला हा सगळा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. ते दिवस लहानपणी पाहिलेली माणसं आता मोजकी उरली आहेत. एक आपला विद्यार्थी, एक पाहुणा अशी जोडी करून त्यांच्याकडे पाठवा. प्रश्न आपला विद्यार्थी विचारेल, ध्वनिमुद्रण पाहुणा करेल, रात्री दोघं मिळून मराठी आणि इंग्रजी टिपण लिहितील. आजीनं सांगितलेलं पाहुण्याला समजावताना आपल्या पोराला स्वतःच्याच तालुक्याचा इतिहास पहिल्यांदा नीट कळतो. ध्वनिफिती मात्र महाविद्यालयाच्या ग्रंथालयातच राहतील आणि सांगणाऱ्या माणसाची संमती घेतलेली असेल, हे आधी ठरवून घ्या.

इंग्रजी शिकवण्याबद्दल मला सावध करावंसं वाटतं. पाहुण्यांना शाळेच्या वर्गात मास्तर म्हणून उभं करू नका. दोन आठवड्यांत कुणी भाषा शिकवत नाही आणि शिकलेल्या शिक्षकांचा त्यात अवमान होतो. पण आपल्या महाविद्यालयीन मुलांना गप्पा मारायला माणूस मिळणं ही मोठी गोष्ट आहे. त्यांची भीती काढा. तेलंगणाच्या सीमेवरच्या या पट्ट्यातली पुष्कळ पोरं मराठी, हिंदी, उर्दू आणि थोडीफार तेलुगू सहज बोलतात. समोरच्या पाहुण्याला बहुधा एकच भाषा येते, हे त्यांना आधी सांगा. मोडकं इंग्रजी बोलायला लाज वाटत असेल तर पाहुण्यालाही रोज मोडकं मराठी बोलावं लागेल असा नियम करा. सकाळी भेटल्यावर ‘जेवलाव का’ असं पाहुण्यानं विचारलं आणि पोरं खदखदून हसली की समजावं, बर्फ वितळला.

राहण्याच्या सोयीत पहिला विचार शौचालयाचा. बादली आणि मग यांची सवय नसलेल्या माणसाला ते समजावून सांगायला लाजू नका. पत्रातच लिहून टाका, आणि स्वतःचा कागद आणायचा असेल तर तो संडासाच्या भांड्यात टाकायचा की डब्यात, हेही लिहा. पाणी: पाहुण्यांना उकळलेलं किंवा फिल्टरच्या जारचं, आणि तेच आपल्या मुलांनाही. वेगळ्या बाटल्या दिसल्या की पंगतीत भिंत उभी राहते. खोल्यांत एक पाहुणा, एक आपला विद्यार्थी अशा जोड्या करा. दोघांनाही खाली गादी आणि मच्छरदाणी. पलंग आणायचेच असतील तर सगळ्यांना आणा. मुलींच्या वसतिगृहात हे करताना आपल्या मुलींच्या आईवडिलांना आधी बोलावून सगळं सांगा. त्यांच्या मनातल्या शंका तिथेच विचारल्या जाऊ द्या, आणि ज्या मुलीला नको असेल तिला कारण विचारू नका.

जेवण एकच असावं. भाकरी, वरण-भात, पिठलं, अंबाडीची भाजी, तिखट थोडं कमी आणि ठेचा वेगळा. मात्र एका गोष्टीत हयगय नको. पाश्चात्त्य तरुणांमध्ये शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी काही जणांना असते, आणि आपल्या स्वयंपाकात दाण्याचा कूट चटणीपासून आमटीपर्यंत कुठेही असतो. अशी ॲलर्जी जिवावर बेतू शकते. पत्रात स्पष्ट विचारा. कुणाला असेल तर मेसच्या मावशींना बसवून नीट समजावा, त्या दिवसांत कूट आणि शेंगदाण्याचं तेल स्वयंपाकघरातून पूर्ण बंद ठेवा, आणि ते जमणार नसेल तर त्या व्यक्तीला प्रामाणिकपणे कळवा. पाहुण्यानं आपलं इंजेक्शन जवळ ठेवायचं आणि त्याच्या जोडीदाराला ते कसं द्यायचं ठाऊक असायला हवं. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, जवळचं सरकारी रुग्णालय आणि नांदेडच्या विष्णुपुरीतलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, एवढं दारावर मराठी-इंग्रजीत लिहून लावा. कुत्रा चावला तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन लगेच रुग्णालय गाठायचं, हेही.

एकमेकांना हाक कशी मारायची, हे पहिल्या संध्याकाळी ठरवा. आपली पोरं गोऱ्या पाहुण्याला सर-मॅडम म्हणू लागतात, आणि तो त्यांच्याच वयाचा असतो. नावानं हाक मारा, वयानं मोठा असेल तर दादा-ताई. पाहुण्यांनीही स्वयंपाकघरात मावशी, रखवालदाराला मामा म्हणावं. ताटं घासायची पाळी सगळ्यांना सारखी.

संध्याकाळच्या गप्पांत पाहुणे जातीबद्दल विचारतील. कार्यक्रमाधिकाऱ्यांनी पुढे होऊन विषय गुंडाळू नये. ज्याला बोलायचं त्यानं आपल्या अनुभवातून बोलावं, ज्याला नको त्याला कुणी टोकू नये, आणि ‘तुझी जात कोणती’ असं थेट विचारायचं नाही हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावं. त्याच बैठकीत पाहुण्यांनाही त्यांच्या घरचं विचारा: शिक्षणासाठी काढलेलं कर्ज, एकटे राहणारे आजी-आजोबा, रस्त्यावर झोपणारी माणसं, वर्णभेद. आपल्या अडचणी तेवढ्या चर्चेला आणि त्यांच्या झाकलेल्या, असं होता कामा नये.

धर्माचा विषय टाळून चालत नाही. पाहुणे चर्चचे आहेत, त्यांची श्रद्धा लपवायचं कारण नाही. सकाळी किंवा रात्री त्यांनी आपली प्रार्थना आपल्या खोलीत करावी, रविवारी मंडळीच्या उपासनेला जावं, ज्या विद्यार्थ्याला स्वतःहून सोबत बसायचं तो बसेल. पण शिबिराच्या कार्यक्रमात उपदेश, पत्रकं, साक्ष, आजाऱ्यांसाठी जाहीर प्रार्थना यातलं काहीही नको. पाळकसाहेबांनी हे स्वतः, लेखी, आधी कळवावं. कायद्याचं कारण तर आहेच, त्याहून मोठं कारण हे की पाहुणे दोन आठवड्यांनी निघून जातात आणि इथल्या ख्रिस्ती कुटुंबांना शेजाऱ्यांबरोबर पुढची सगळी वर्षं काढायची असतात. एखाद्या दिवशी सगळ्यांनी नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात जावं. डोकं झाकून, लंगरमध्ये भाजी चिरायला किंवा भांडी घासायला बसावं. दुसऱ्याच्या धर्मस्थळी सेवा करताना गप्प राहून किती शिकता येतं, हे तिथे आपोआप कळतं. वाट वाकडी करायची तयारी असेल तर देगलूर तालुक्यातली होट्टलची चालुक्यकालीन मंदिरंही दाखवा, आणि माहिती आपल्या विद्यार्थ्यांना सांगू द्या.

लहान मुलांच्या बाबतीत नियम कडक ठेवा. कुठलाही पाहुणा कुठल्याही मुलासोबत एकटा राहणार नाही. सोबत नेहमी आपल्याकडचा एक प्रौढ. मुलांना चॉकलेटं, पैसे, खेळणी वाटायची नाहीत. फोटो काढण्याआधी पालकांना विचारायचं, आणि फाटक्या कपड्यांतल्या, नाक वाहणाऱ्या लेकरांचे फोटो काढायचेच नाहीत. शिबिराचा छायाचित्रकार आपलाच एखादा विद्यार्थी असावा. फोटो त्यानं निवडावेत आणि पाहुण्यांनी तेच तिकडे दाखवावेत. हा एक बदल केला तरी परत गेल्यावर सांगितली जाणारी गोष्ट बदलते.

प्रवासाचं थोडक्यात. मुंबईपेक्षा हैदराबाद विमानतळ सोयीचा पडतो. तिथून देगलूर-नरसीमार्गे रस्त्यानं थेट नायगाव गाठता येतं. रात्रीचा प्रवास ठेवू नका. आल्या दिवशी काम नको, भाषणं नकोत. आंघोळ, जेवण, झोप.

शिबिर संपायच्या आदल्या दिवशी दोन वेगवेगळ्या बैठका घ्या, एक फक्त आपल्या विद्यार्थ्यांची आणि एक फक्त पाहुण्यांची. समोरासमोर आपली पोरं तक्रार करणार नाहीत, भिडस्तपणानं सगळं छान होतं म्हणतील. वेगळं बसवलं की खरं बाहेर येतं: अमुक जण सारखा मोबाईलवर होता, तमुक ताईनं माझ्या घरी न विचारता फोटो काढले, आम्हांला पहाटे उठवलं आणि त्यांना उठवलं नाही. हे लिहून ठेवा आणि पुढच्या वेळच्या पत्रात घाला. खर्चाचा हिशेब, झालेल्या कामांची यादी आणि कोणत्या शोषखड्ड्याची देखभाल कोण करणार याचा कागद ग्रामपंचायतीला द्या. पावसाळ्यानंतर आपल्या विद्यार्थ्यांनी परत जाऊन ते खड्डे चालू आहेत का पाहावं, आणि तुंबलेले असतील तर तेही परदेशी मित्रांना कळवावं.

आणि त्या पहिल्या पत्रातला प्रश्न सोडू नका. पाहुण्यांच्या चर्चनं ‘तुमची मुलं पाठवा’ असं म्हटलं, तर तेव्हा धावपळ करून उपयोग नसतो. शिबिराला येणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांची इच्छा आहे त्यांचे पासपोर्टचे अर्ज त्याच वर्षी भरून घ्या. आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव यांत फरक असेल तर आधी तो दुरुस्त करा. आपल्याकडे बहुतेक अर्ज तिथेच अडकतात.